सिक्युरिटी आर्किटेक्ट व्हायचंय? आधी टप्प्यांचा क्रम सरळ करा

सायबर सुरक्षेत तीन-चार वर्षं काढलेल्या मुला-मुलींचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो: "आर्किटेक्ट व्हायचंय, कोणतं सर्टिफिकेट करू?" हा प्रश्न सातव्या टप्प्याचा आहे. तो पहिल्याच टप्प्यावर विचारला की पुढची दोन वर्षं परीक्षांच्या तयारीत जातात आणि बायोडेटा जाड होतो. मग मुलाखतीत कोणी फळ्याकडे बोट दाखवून "या सिस्टिमची रचना काढा, कुठे काय बिघडेल ते सांगा" म्हणालं की हात थांबतो.

आर्किटेक्टचं काम सिस्टिमची सुरक्षित रचना ठरवण्याचं, म्हणजे निर्णय घेण्याचं आहे. घेतलेला निर्णय लिहून काढणं आणि तो डेव्हलपर, ऑडिटर, साहेब या सगळ्यांसमोर टिकवणं हाही त्या कामाचाच भाग. त्यामुळे तयारीही निर्णयांचीच करावी लागते. आयटीत किमान दोन वर्षं काम केलेल्यांना धरून पुढचे टप्पे लिहिले आहेत. नुकतेच पास झालेल्यांनी फक्त दुसरा आणि तिसरा टप्पा धरावा, बाकीची घाई करू नये.

## टप्पा १: आपण कुठे उभे आहोत ते ठरवा

एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे, तुम्ही स्वतः उभ्या केलेल्या, चालवलेल्या आणि बिघडल्यावर रात्री दुरुस्त केलेल्या गोष्टी. उजवीकडे, ज्यांबद्दल फक्त वाचलंय किंवा बैठकीत ऐकलंय त्या. डावा रकाना हीच तुमची खरी पुंजी.

नेटवर्कमधून आलेल्यांना फायरवॉल आणि व्हीलॅन (एका नेटवर्कचे केलेले वेगळे भाग) तोंडपाठ असतात, पण ॲप्लिकेशनच्या आत काय चालतं ते धूसर असतं. डेव्हलपरचं नेमकं उलट. एसओसीत (सुरक्षेवर सतत नजर ठेवणाऱ्या केंद्रात) अलर्ट पाहणाऱ्यांना हल्ला कसा दिसतो ते कळतं, पण सिस्टिम उभारण्याचा अनुभव नसतो. ऑडिट आणि कम्प्लायन्सवाल्यांना नियम ठाऊक असतात, पण एखादा नियम पाळायला सर्व्हरवर नेमकं काय बदलायचं हे सांगता येत नाही. यांपैकी कुठूनही आर्किटेक्ट होता येतं. फक्त आपली उणीव कोणती हे आधी माहीत हवं.

पेनटेस्टिंग (परवानगी घेऊन सिस्टिमवर हल्ला करून त्रुटी शोधणं) आवडतं म्हणून आर्किटेक्ट व्हायचं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी थोडं थांबून विचार करावा. या कामात बैठका, दस्तऐवज आणि वाटाघाटी भरपूर असतात. त्याचा कंटाळा येत असेल तर पेनटेस्टिंगमध्येच वर जाणं केव्हाही चांगलं, तिथेही मोठी करिअर घडतात.

तपासणी: डाव्या रकान्यात एकही गोष्ट अशी नसेल की जी तुम्ही वर्षभर स्वतः सांभाळलीय, तर पुढे जाऊ नका. आधी तशी जबाबदारी मागून घ्या.

## टप्पा २: एक विषय खोल, चार विषय पुरेसे

नेटवर्क, ओळख आणि प्रवेश, क्लाउड, ॲप्लिकेशन, एन्क्रिप्शन असे पाच विषय आहेत. एकात तुमच्याकडे लोक शंका घेऊन आले पाहिजेत. बाकी चारांत त्या विषयाच्या माणसाशी अर्धा तास नीट बोलता आलं पाहिजे. पाचही विषय एकदम खोल शिकायला निघालेला माणूस सहसा दुसऱ्याच महिन्यात सोडून देतो.

पाचांत कोणता निवडावा अशी अडचण असेल, तर ओळख आणि प्रवेश घ्या. क्लाउडमध्ये "कोणाला काय करण्याची परवानगी" हीच खरी भिंत असते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या कॅपिटल वन बँकेतून सुमारे १० कोटी अमेरिकी लोकांची माहिती गेली. चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या वेब फायरवॉलमधून हल्लेखोराने क्लाउडच्या मेटाडेटा सेवेला (सर्व्हरला त्याची स्वतःची माहिती आणि किल्ल्या पुरवणाऱ्या आतल्या सेवेला) विनंती करवून घेतली, तिथून त्या सर्व्हरच्या रोलची (त्याला दिलेल्या परवानग्यांच्या संचाची) तात्पुरती किल्ली, म्हणजे प्रवेशाचा गुप्त कोड, मिळवला, आणि त्या रोलला गरजेपेक्षा जास्त परवानग्या असल्यामुळे साठवलेल्या फाइली उतरवून घेतल्या. यातला एकच दुवा तुटला असता, म्हणजे रोलला मोजक्याच परवानग्या असत्या, तरी नुकसान फार कमी झालं असतं.

पुढच्या गोष्टी पुस्तक न उघडता फळ्यावर सांगता येतात का ते पाहा:

- ब्राउझरने बँकेची साइट उघडली की टीएलएसमध्ये (ब्राउझर आणि साइट यांच्यातला संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीत) साइटचं सर्टिफिकेट कोण तपासतं, कशाच्या आधारावर.
- "गूगलने लॉगिन करा" दाबल्यावर पासवर्ड कुठे जातो, कुठे जात नाही, आणि ॲपच्या हाती नेमकं काय येतं.
- डेटाबेस एन्क्रिप्ट केला तरी ॲप्लिकेशनमध्ये एसक्यूएल इंजेक्शनची त्रुटी (फॉर्मच्या रकान्यातून डेटाबेसला घुसवलेली आज्ञा) असेल तर माहिती का जाते.
- क्लाउडमधल्या रोलची परवानगी आणि नेटवर्कचा नियम यांपैकी एक चुकला तर दुसरा कितपत वाचवतो.

घरी लॅब करायची तर जुना लॅपटॉप आणि दोन-तीन व्हर्च्युअल मशीन पुरतात. क्लाउडचं मोफत खातं उघडलंत तर पहिल्या दिवशी दोनच कामं करा: बिलाचा अलर्ट लावा आणि मुख्य खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. किल्ल्या चुकून गिटहबवर (कोड ठेवण्याच्या सार्वजनिक साइटवर) गेल्या की अनोळखी माणसं तुमच्या खात्यावर मशीन चालवतात आणि बिल तुमच्या नावावर येतं.

सावधान: सराव म्हणून दुसऱ्याच्या सर्व्हरला, कॉलेजच्या वाय-फायला किंवा ऑफिसच्या नेटवर्कला परवानगीशिवाय हात लावू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली तो गुन्हा ठरू शकतो. "शिकत होतो" हे त्यावर उत्तर होत नाही.

## टप्पा ३: झालेल्या घटना उलट्या वाचा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. बातमी वाचतात, "अरेरे" म्हणतात आणि पुढे जातात. आर्किटेक्टने घटना शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायची, आणि प्रत्येक पायरीवर विचारायचं: इथे रचनेत काय वेगळं असतं तर हे थांबलं असतं?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा ऑगस्ट २०१८ चा हल्ला घ्या. ११ ऑगस्टला क्लोन केलेल्या कार्डांवरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ ऑगस्टला स्विफ्टमार्फत (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेमार्फत) सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर. हल्लेखोरांनी एटीएम आणि बँक यांच्यामध्ये बसून व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे स्विचच्या, जागी स्वतःचा बनावट स्विच उभा केला होता. म्हणजे पैसे काढण्याची विनंती मूळ बँकिंग सिस्टिमपर्यंत पोहोचतच नव्हती, आणि "खात्यात पैसे आहेत, द्या" असं उत्तर मधूनच जात होतं.

आता वही काढा. मंजुरी देणारा स्विच खरा आहे हे पलीकडच्या बाजूने कसं तपासता आलं असतं? स्विचने मंजूर केलेले व्यवहार आणि मूळ खात्यातल्या नोंदी यांचा मेळ किती वेळाने घालायचा, दिवसाअखेर की दर काही मिनिटांनी? परदेशातून तासाला अमुक इतक्याहून जास्त व्यवहार आले तर कोणाला विचारायची वाट न पाहता काय आपोआप बंद व्हायला हवं? ११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. सुट्टीच्या दिवशी तो निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे असावा?

शेवटचा प्रश्न तांत्रिक वाटत नाही, पण आर्किटेक्चरमध्ये तोच सगळ्यात जास्त वेळा राहून जातो.

दुसरं उदाहरण दिल्लीच्या एम्सचं, नोव्हेंबर २०२२. रॅन्समवेअरमुळे (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे) रुग्णालयाची नोंदणी कित्येक दिवस कागदावर चालली. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, हे सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात आलं. यावर एक पान लिहा: रुग्णालयाच्या नेटवर्कचे किती भाग करायचे, आणि एक्स-रे मशीनला इंटरनेट कशासाठी हवं, किंवा नको.

तपासणी: अशी पाच पानं तयार झाल्याशिवाय चौथ्या टप्प्यावर जाऊ नका. "कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं" एवढ्यावरच जे पान संपतं ते मोजायचं नाही.

## टप्पा ४: एक पूर्ण आराखडा स्वतः काढा

आता पूर्ण रचना. मोठ्या ई-कॉमर्स कंपनीचं चित्र काढू नका, तुम्हाला तिथलं आतलं काहीच माहीत नसतं. जवळची, नीट समजणारी संस्था घ्या. समजा, बारा शाखांची एक पतसंस्था आहे. खातेदारांसाठी मोबाइल ॲप आहे, पिग्मी एजंट दुकानांतून रोजची रक्कम गोळा करून फोनवर नोंद करतात, आणि मुख्य बँकिंग सॉफ्टवेअर बाहेरच्या विक्रेत्याच्या डेटा सेंटरमध्ये चालतं.

क्रम असा ठेवा.

पहिलं: माहितीचा प्रवास. खातेदाराचा फोन, एजंटचा फोन, शाखेतला संगणक, एपीआय (दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात तो दुवा), ॲप सर्व्हर, डेटाबेस, एसएमएस पाठवणारी कंपनी आणि विक्रेत्याचा सपोर्ट इंजिनिअर हे सगळे चौकोन. मध्ये बाण. प्रत्येक बाणावर काय जातं ते लिहा. नुसता "डेटा" नको, "खाते क्रमांक, रक्कम, एजंटचा क्रमांक" असं हवं. चित्राला ड्रॉ डॉट आयओ पुरतं. थ्रेट मॉडेलिंगसाठी, म्हणजे रचनेत कुठे कोणता धोका आहे ते पद्धतशीर शोधण्यासाठी, ओवास्प या संस्थेचं थ्रेट ड्रॅगन मोफत आहे.

दुसरं: विश्वासाच्या सीमा. जिथे एका मालकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे तुटक रेघ. एजंटचा फोन संस्थेचा आहे की त्याचा स्वतःचा? स्वतःचा असेल तर रेघ त्या फोनच्या अलीकडे येते. बहुतेक जण ही रेघ फक्त इंटरनेट आणि फायरवॉलच्या मध्ये काढून मोकळे होतात.

तिसरं: प्रत्येक सीमेवर स्ट्राइड. मायक्रोसॉफ्टमध्ये तयार झालेली ही सहा प्रश्नांची पद्धत आहे: तोतयेगिरी, फेरफार, नाकबुली, माहिती फुटणं, सेवा बंद पडणं, अधिकार वाढवून घेणं. एजंटच्या फोनपासून सर्व्हरकडे जाणाऱ्या एका बाणावर ती लावून पाहू.

दुकानदाराने ५०० रुपये दिले आणि एजंटने २०० नोंदवले, तर? पावतीचा एसएमएस एजंटच्या फोनवरून जात असेल तर तो दुकानदाराला ५०० चा मेसेज पाठवून संस्थेला २०० दाखवू शकतो. म्हणून मेसेज सर्व्हरवरूनच जायला हवा, नोंद जमा झाल्यावर, आणि खात्याला आधीच जोडलेल्या क्रमांकावर. तो क्रमांक बदलण्याचा अधिकार एजंटला नसावा, तो शाखेत ओळख पटवूनच बदलावा. रेंज नसलेल्या गावात नोंद फोनवरच राहते. तिथे प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक आणि त्या फोनच्या किल्लीची सही हवी, म्हणजे मधली नोंद पुसली तर ते दिसेल. शिवाय सर्व्हरशी गाठ न पडता एजंटने जास्तीत जास्त किती रक्कम गोळा करायची यालाही मर्यादा हवी.

एका बाणावर एवढं निघालं. चित्रात असे पंधरा-वीस बाण असतील. सगळे करा, पण कंटाळा आला तर निदान विक्रेत्याच्या सपोर्टचा बाण सोडू नका. "काही अडलं तर लगेच बघता यावं" म्हणून रिमोट सॉफ्टवेअर कायम चालू ठेवलेलं, सगळ्यांचा पासवर्ड एकच आणि लॉग कुठेच नाही, अशी अवस्था लहान संस्थांमध्ये सर्रास असते. ॲपवर लाखो खर्च केले तरी हे दार उघडंच राहतं.

चौथं: उपाय आणि त्याची किंमत. प्रत्येक धोक्यापुढे उपाय, तो कोण चालवणार, आणि त्यामुळे कोणाचं काम किती वाढणार हे लिहा. बारा शाखांच्या संस्थेत आयटीला दोन माणसं असतील आणि तुमच्या उपायांना चोवीस तास अलर्ट पाहणारी माणसं लागत असतील, तर तो आराखडा चुकलाय. मग ते काम बाहेरच्या सेवेकडे द्यायचं की धोका कमी करून अलर्टची गरजच घटवायची, हे ठरवा.

सावधान: सरावासाठी स्वतःच्या कंपनीचं खरं चित्र वापरू नका, घरच्या लॅपटॉपवर नेऊ नका, मुलाखतीत दाखवू नका. चांगला मुलाखतकार ते चित्र पाहून प्रभावित होत नाही. उद्या हा आमचंही दाखवेल, हे तो नोंदवून ठेवतो.

## टप्पा ५: निर्णयाची टिपण लिहायला शिका

चित्र काढणारे पुष्कळ, लिहिणारे थोडे. वरच्याच उदाहरणातली टिपण अशी होईल:

*विषय:* विक्रेत्याच्या सपोर्टला सर्व्हरवर प्रवेश.
*स्थिती:* सध्या रिमोट सॉफ्टवेअर कायम चालू. एकच खाते सहा जण वापरतात.
*पर्याय:* (अ) आहे तसं ठेवणं. (आ) व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी मार्ग) आणि प्रत्येकाचं वेगळं खाते. (इ) मध्ये जंप सर्व्हर (ज्यातूनच आत जाता येतं असा एकमेव सर्व्हर), प्रत्येकाचं वेगळं खाते, दोन टप्प्यांचं लॉगिन, प्रवेश मागणीनुसार चार तासांपुरता, पडद्याचं रेकॉर्डिंग.
*निर्णय:* (इ). पहिले दोन महिने (आ).
*तोटा:* रात्री बिघाड झाल्यास प्रवेश मंजूर करायला संस्थेचा माणूस फोनवर उपलब्ध हवा. सपोर्टला सुरू करायला वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतील.
*उरलेला धोका कोणी स्वीकारला:* मुख्य कार्यकारी अधिकारी, सही व तारीख.
*पुन्हा विचार:* सहा महिन्यांनी.

तोट्याची ओळ गाळू नका. ज्या टिपणीत तोटा नाही तिच्यावर अनुभवी माणूस विश्वास ठेवत नाही. आणि धोका स्वीकारण्याची सही तुमची नसावी. तुम्ही धोका समजावून सांगायचा, स्वीकारायचा तो ज्याचा व्यवसाय आहे त्याने. अनेक नवे आर्किटेक्ट इथे नकळत स्वतःच्या अंगावर ओढवून घेतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी लिखाणाची धास्ती असते. आधी मराठीत विचार स्पष्ट मांडा, मग छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवा. या कामात जड इंग्रजी लागतच नाही.

## टप्पा ६: नियम रचनेत उतरवा

भारतात काम करायचं तर थोडे आकडे डोक्यात पक्के हवेत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार पेमेंटची माहिती भारतातच साठवायची आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतात. शेअर बाजाराशी संबंधित संस्थांसाठी सेबीची २०२४ ची सायबर चौकट वेगळी.

आकडे पाठ करून भागत नाही. "६ तास" याचा रचनेतला अर्थ असा की घटना घडली हे त्याच्याही आधी कळायला हवं, म्हणजे लॉग एका जागी येणं, सगळ्या सर्व्हरची घड्याळं जुळलेली असणं, आणि कळवणारा माणूस आधीच ठरलेला असणं. लॉग १८० दिवस ठेवायचे, तर रोज किती जीबी लॉग तयार होतो? तो मोजून साठवणुकीचा खर्च आराखड्यात लिहा. वैयक्तिक माहितीच्या नियमांत एक वर्षाची मुदत आहे. दोन्ही लागू असतील तर जास्त मुदत धरूनच रचना करा.

नेहमीची चूक: पतसंस्था आणि नागरी सहकारी बँक एकच समजणं. नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण असतं. राज्यातली पतसंस्था सहकार खात्याच्या कक्षेत येते. नियामक कोण हे चुकलं तर पुढची सगळी यादी चुकते.

## टप्पा ७: आता सर्टिफिकेट

इथवर आलात तर सर्टिफिकेट उपयोगी पडतं, कारण एचआरची चाळणी त्यावर चालते.

सीआयएसएसपी या सायबर सुरक्षेच्या सर्टिफिकेटला आठ विषयक्षेत्रांपैकी किमान दोहोंत मिळून पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. योग्य पदवी किंवा मान्य सर्टिफिकेट असेल तर एक वर्ष सूट. अनुभव कमी असतानाही परीक्षा देता येते, पण तेव्हा तुम्ही "असोसिएट" असता आणि अनुभव पूर्ण करायला सहा वर्षं मिळतात. त्या काळात बायोडेटावर सीआयएसएसपी लिहिणं चूक आहे, आणि ते पडताळणीत पकडलं जातं.

ऑफिसात मायक्रोसॉफ्टचं क्लाउड असेल तर एससी-१०० ही थेट आर्किटेक्टची परीक्षा आहे. मात्र ते सर्टिफिकेट मिळायला एससी-२०० किंवा एससी-३०० यांसारखं मायक्रोसॉफ्टचं ठरावीक सर्टिफिकेट आधी हवं. ॲमेझॉनचं क्लाउड असेल तर त्यांचं सिक्युरिटी स्पेशॅलिटी घ्या. सॅबसा आणि टोगॅफ या आर्किटेक्चरच्या चौकटी नंतर पाहा, मोठ्या कंपनीत एंटरप्राइझ आर्किटेक्टबरोबर (अख्ख्या कंपनीच्या सिस्टिमची रचना पाहणाऱ्याबरोबर) बसायची वेळ आल्यावर.

वर्षाला एकापेक्षा जास्त परीक्षा नको. आणि क्लासवाला "शंभर टक्के पास" म्हणून फुटलेले प्रश्न विकत असेल तर उठून या. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, न पकडलं गेलं तर मुलाखतीत उघडं पडतं.

## टप्पा ८: पद मिळण्याआधी काम मिळवा

पहिलं आर्किटेक्ट पद बाहेरून मिळणं अवघड, आतून सोपं. सध्याच्या कंपनीत नवा प्रोजेक्ट सुरू होताना मॅनेजरला सांगा: "याचं थ्रेट मॉडेल मी करून देतो, दोन पानांत." पहिल्या वेळी कोणी मागितलेलं नसतं, तरी करा. तिसऱ्या प्रोजेक्टला लोक तुम्हाला आधीच बोलावतात. डेव्हलपरना "हे चालणार नाही" एवढंच सांगू नका. चालणारा दुसरा रस्ता त्याच बैठकीत ठेवा, नाहीतर पुढच्या बैठकीचं निमंत्रण येणार नाही.

बायोडेटात साधनांची यादी खाली ढकला. वर तीन निर्णय लिहा: अडचण काय होती, कोणते पर्याय होते, काय निवडलं, त्याने काय बदललं. कंपनीची गुप्त माहिती न देता.

मुलाखतीत फळ्यावरचा प्रश्न आला की लगेच फायरवॉल काढायला धावू नका. आधी विचारा: वापरणारे किती, माहिती कोणती, नियामक कोण, काय बंद पडलं तर धंदा थांबतो, आणि पैसा किती. हे पाच प्रश्न विचारलेत तर निम्मी मुलाखत झाली. एखादी गोष्ट येत नसेल तर तसं सांगा, आणि ती कोणाला विचारून कशी ठरवाल तेही सांगा.

ऑफर आली की सीटीसीच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या. पद कोणाला रिपोर्ट करतं? आणि गंभीर धोका शिल्लक असेल तर गो-लाइव्ह (सिस्टिम प्रत्यक्ष वापरात आणणं) थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, तो याआधी शेवटचा कधी वापरला गेला? उत्तर गोलमोल आलं तर कार्डावर आर्किटेक्ट लिहिलेलं असेल, पण काम तयार झालेल्या आराखड्यांवर शिक्का मारण्याचं असेल. तसं असूनही पगारासाठी ती नोकरी घ्यायची असेल तर जरूर घ्या, मात्र जॉइन होण्याआधी पहिल्या सहा महिन्यांत कोणत्या दोन सिस्टिमची रचना तुमच्या हाती असेल, हे मॅनेजरकडून ईमेलवर लिहून घ्या.